गॅस कुठं ठेवायचा

गॅस घरी आला तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते कोंडाजी. उभा जन्म त्यांनी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या रुळांवर काढला होता. डोळ्यांदेखत दरडी कोसळलेल्या पाहिल्या होत्या, एकदा तर बोगद्यात इंजिनाच्या वाटेतून कसेबसे निसटले होते. पण हमालानं ती लोखंडी टाकी ओसरीवर धाडकन टेकवली, तसे ते दोन पावलं मागं सरले.

"महिपती, ह्ये घरात ठेवायचं?"

"मग काय अंगणात, आबा?" महिपती हसला. तळेगावच्या कारखान्यात तो फिटर होता. गॅससाठी त्यानं नंबर लावला त्याला इतका काळ लोटला होता की घरातले सगळे ते विसरूनही गेले होते.

"आन् फुटलं म्हंजी?"

"न्हाई फुटत. नीट वापरायचं."

रतन दाराआडून बघत होती. तिला भीती नव्हती, उलट कधी एकदा पेटवून बघते असं झालं होतं. लोणावळ्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला तिचं दुखणं कळेल. आषाढ-श्रावणात भिंतींना पाझर फुटायचे, पडवीत रचलेली लाकडं सादळून जायची, आणि सकाळचा चहा होईस्तोवर फुंकणी फुंकून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. लग्न होऊन ती तिकोणा पेठेहून या घरात आली त्याला तीन वर्षं झाली होती. लेक सरू आता चालायला लागली होती. गॅस म्हणजे काडी ओढायची आणि चहा टाकायचा. रतनला ते स्वप्नासारखं वाटत होतं.

पण तो ठेवायचा कुठं, यावर घर अडलं.

गॅसवाल्यानं बजावून सांगितलं होतं, शेगडी टाकीपेक्षा उंचावर पाहिजे, जमिनीवर चालायची नाही. चुलीला खेटून तर नाहीच नाही. म्हणजे ओटा बांधायला हवा. आजवर या घरात बायकांनी बसूनच रांधलं होतं, ओटा कुणाला ठाऊक. स्वयंपाकघर लांबट आणि अंधारं. एका कोपऱ्यात चूल, तिच्या हाताशी पाण्याचा रांजण, समोरच्या भिंतीला भांड्यांची मांडणी, मागच्या दाराजवळ मोरी. परसाकडं एकच खिडकी होती आणि तिच्याखाली तांदळाची कणगी न् जातं.

"खिडकीखाली घेऊ," रतन नवऱ्याला म्हणाली. "उजेड तरी मिळंल."

"कणगी कुटं हलवायची? आन् वाऱ्यानं गॅस इझंल. मांडणीच्या जागी बरं."

"मी म्हंतो पडवीत ठेवा," कोंडाजी म्हणाले. "उडाली तर पडवी उडंल."

महिपतीनं आईला विचारलं. बयाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटवली आणि मान न वळवता म्हणाल्या, "कुटं बी ठेवा. पर माजं काय बी हलवायचं न्हाई."

"अगं आये, कायतरी हलवल्याबिगर कसं व्हईल?"

"मग नगं त्यो गॅस."

रतननं कपाळाला हात लावला. सासूचा हा हेका तिला नवा नव्हता. तिखटा-मिठाचे डबे फळीवर ज्या जागी, त्याच जागी. उलथनं खुंटीलाच. तांब्या रांजणाच्या झाकणावर, डाव्या बाजूला. रतननं नवी नवी असताना एकदा मिठाचा डबा बोटभर सरकवला होता, तर बयाबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. "माज्या चुलीपाशी माजं राज," असं त्या म्हणायच्या. बाहेरचं पाणी, बाजार, धुणं सगळं रतनकडं, आणि स्वयंपाकघर बयाबाईंचं. गुडघे दुखतात म्हणून त्या उंबऱ्याबाहेर फारशा पडतच नसत. शेजारची विठाबाई म्हणायची, सासू हाय का फौजदार? रतन वरवर हसायची, मनात मात्र तेच म्हणायची.

त्या आठवड्यात बयाबाईंचा भाचा दत्तोबा लोहगडवाडीहून आला. त्यांच्या भावाला बरं नव्हतं. बयाबाईंचा हात धरून तो त्यांना घेऊन गेला. पावसात वाडीची चढण निसरडी, म्हाताऱ्या माणसाचा हात कुणीही धरला असता.

महिपतीनं संधी साधली. सोपान गवंड्याला बोलावलं. मांडणी उचलून पलीकडच्या भिंतीला लावली, डबे नव्या फळीवर गेले, आणि तिच्या जागी विटांचा ओटा बांधून वर शहाबादी फरशी बसवली. फरशीवर शेगडी, खाली टाकी. चुलीला मात्र हात लावला नाही. आईचा मान राहील आणि कामही होईल, असं महिपतीचं गणित.

"रागावतील वो," रतन म्हणाली.

"रागावंल, दोन दिस बोलायची न्हाई, मग चहा पिऊन गप बसंल."

बयाबाई परत आल्या त्या भर दुपारी. पाऊस थांबला होता, बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, आणि मागचं दार उघडं असल्यानं स्वयंपाकघरातही लख्ख दिसत होतं. दत्तोबाला ओसरीवर बसवून त्या पाणी द्यायला म्हणून सरळ आत आल्या. नेहमीसारख्या, झपझप. आणि ओट्यावर जाऊन आदळल्या.

फरशीचा कोपरा बरगडीखाली लागला. "आई गं," म्हणून त्या वाकल्या, मग दोन्ही हातांनी फरशी चाचपत उभ्या राहिल्या.

"हितं कुणी मेल्यानं काय बांदलं?"

रतन मोरीपाशी भांडी घासत होती. तिला वाटलं, मुद्दाम केलं. रागानं अंगावर ओढून घेतलं. एवढा कमरेइतका ओटा काय दिसला नसेल? ती घासतच राहिली. बयाबाई वळल्या, हात लांब करून तांब्या घ्यायला गेल्या, तांब्या जागेवरच होता. मग मांडणीतल्या पेल्यासाठी त्यांनी हात वर केला. तिथं मांडणी नव्हती. हात हवेतच राहिला. क्षणभर बयाबाई तशाच उभ्या राहिल्या, रानात वाट चुकलेल्या माणसासारख्या. रतननं ते पाहिलं. पण त्याचा अर्थ तिनं राग असाच लावला.

संध्याकाळी आमटी खारट झाली, इतकी की तोंडात घालवेना. कोंडाजींनी ताट सरकवलं. "भावाचं दुखणं डोक्यात हाय तिच्या," ते म्हणाले. बयाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्या दिवशी त्या कुणावरही ओरडल्या नाहीत, आणि रतनला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती गाडीला गेला. कोंडाजी ओसरीवर दातण करत होते. रतननं शेगडीच्या मागच्या बाजूच्या बर्नरवर सरूचं दूध ठेवलं, पुढचा पेटवून त्यावर चहाचं आधण टाकणार, तोच नळाला पाणी आल्याची हाक विठाबाईनं दिली. नळ थोडाच वेळ यायचा. पुढचा बर्नर तसाच जळत ठेवून रतन हंडा घेऊन पळाली.

ती परत आली तेव्हा बयाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. दूध उतू जायला आलं होतं, त्याचा वास त्यांना आला असावा. त्यांनी पदराचं टोक उजव्या हाताला गुंडाळलं आणि डावा हात पुढं केला, भांडं कुठं आहे ते बघायला. डोळे उघडे होते. चांगले टक्क उघडे, समोर लागलेले. आणि त्या उघड्या डोळ्यांनी त्यांनी आपला हात पेटलेल्या ज्वाळेवर ठेवला.

किंकाळी फुटली ती आधी रतनच्या तोंडून.

हंडा तिच्या कमरेवरून पडला, पाणी सगळीकडं झालं. बयाबाईंनी हात मागं घेतला होता, ओठ दाबून त्या गदगदा हलत होत्या. रतननं धावत जाऊन शेगडी बंद केली, सासूचा हात रांजणाच्या पाण्यात बुडवला. तळवा लालभडक झाला होता, बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती.

"आत्याबाई, अवो दिसला न्हाई का जाळ?"

"धुरानं... धुरानं डोळं चुरचुरत्यात गं."

"गॅसला धूर कुटं हाय?"

बयाबाईंनी हात रांजणात आणखी खोल बुडवला.

ओटा, मांडणी, कालची आमटी, सगळं एकदम रतनपुढं उभं राहिलं. नाही, असं कसं होईल? ती स्वतःशीच म्हणाली. तीन वर्षं या बाईनं आपल्याला रांधून घातलंय. तिनं सासूचा हात पाण्यातच राहू दिला, आणि हळूच, पैंजणांचा आवाज होणार नाही अशी, बाजूला सरकली. जिथं ती आधी होती तिथंच बघत बयाबाई म्हणाल्या, "कुनाला सांगू नगं रतन. एवढं काय भाजलं न्हाई."

त्या रिकाम्या भिंतीशी बोलत होत्या.

रतन बाजूनं त्यांच्या तोंडासमोर आली. तिनं आपला हात त्यांच्या डोळ्यांपुढं धरला, हलवला. पापणी लवली नाही. आता इतक्या जवळून बघितल्यावर तिला बुबुळांवरचं दुधासारखं पांढुरकं दिसलं. रोज समोर होतं ते. पण सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून बघायची तिची कधी प्राज्ञाच झाली नव्हती.

ती मटकन खाली ओल्या जमिनीवर बसली.

"किती दिस झालं?"

"कशाला?"

"आत्याबाई, मी तुमच्या उजव्या अंगाला हाय. तुमी भितीशी बोलताय."

बयाबाईंचा चेहरा एकदम पडला. इतके दिवस ताणून धरलेलं कायतरी सुटावं तसं त्यांचं सगळं अंग सैल झालं. रांजणाला टेकून त्या खाली बसल्या.

"दिस कशाचं, वरसं झाली," त्या म्हणाल्या. "आदी धुकं पडल्यावानी व्हायचं. मग मान्सं सावलीवानी दिसाया लागली. आता उजेड तेवडा कळतो. दार कुटं, खिडकी कुटं, तेवडं."

"आन् सैपाक?"

"त्याला डोळं कशाला लागत्यात? चूल आवाजावर कळती, वासावर कळती. भाकरी पालथी केली की तिचा हलका आवाज येतो बग. मीठ चिमटीला कळतं, डबा जाग्यावर असला म्हंजी."

डबा जाग्यावर असला म्हणजे. रतनला तो बोटभर सरकवलेला डबा आठवला. आपण ज्याला जाच म्हणत होतो ते काय होतं हे तिला आता कळत होतं. आणि मग दुसरंच काहीतरी तिच्या डोक्यात शिरलं. ती ताडकन उठली.

"सरू! तुमी सरूला न्हाऊ घालता. कढत पान्यानं! रोज!"

"कोपर बुडवून बगते मी आदी—"

"तुमाला दिसत न्हाई आन् तुमी माजं लेकरू पान्यात धरता? मागल्या म्हैन्यात तुमी तिला कडंवर घिऊन हिरीपाशी गेलता!" रतनचा आवाज चिरकला. उभ्या आयुष्यात ती सासूवर असं ओरडली नव्हती. "काय झालं असतं म्हंजी? सांगायचं न्हाई व्हय?"

ओरडा ऐकून कोंडाजी दारात आले, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"तिच्या पायात घुंगरं कुनी बांदली?" बयाबाई हळूच म्हणाल्या. "मीच न्हवं? तुला म्हनलं, पोरीच्या पायात वाजलं की घर भरल्यावानी वाटतं. आवाज थांबला की माजा जीव जायचा गं. मी तिला बगितली न्हाई अजून. हातानं बगितलीया. नाक तुज्यावानी हाय न्हवं?"

रतनचा राग तोंडातच राहिला. नाक तुझ्यासारखं, म्हणजे माझंही नाक यांनी—

"मला तरी बगितलंय का तुमी?" तिनं विचारलं. विचारताना तिला उत्तर नको होतं.

बयाबाईंनी ओला हात पदरात गुंडाळला.

"लग्नात सूनमुख बगितलं तुमी. आरशात. समद्यांनी इचारलं, कशी हाय सून, तर तुमी म्हनला, चांदावानी."

"समद्याच म्हंत्यात तसं," बयाबाई म्हणाल्या. "आरशात मला नुस्ता उजेड दिसला. तुजा हात धरला तवा त्यो थंडगार पडला व्हता आन् थरथरत व्हता. म्हनलं, पोर भेदरलीया, गरीब हाय. तेवडंच मी बगितलं."

दारात उभ्या कोंडाजींच्या हातातलं दातण खाली पडलं. रतननं मागं वळून पाहिलं. इतका पांढराफटक चेहरा तिनं त्यांचा कधी पाहिला नव्हता. चौकटीला धरून उभे राहिले, मग ओसरीवर गेले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

संध्याकाळी महिपती आला. त्यानं आधी ऐकूनच घेतलं नाही. "कायतरी काय बोलतीस? आई काल हितनं तितं फिरत व्हती की." मग आईपुढं बसला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून कंदिलाकडं वळवलं, आणि बघता बघता हा एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"आये, मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून?" बयाबाई म्हणाल्या. "माज्या आईचं डोळं गेलं तवा तिला पडवीत बसवली. ताट तितंच, हातरून तितंच. कुनी वाईट न्हवतं. समदी म्हनायची, तू बस, तू काय करू नगं. ती बसली, आन् बसल्या बसल्या वाळून गेली. मला न्हाई बसायचं. चुलीपुढनं उठवलं की बाई संपली."

कोंडाजींनी ओसरीवरून तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. "भातात खडा आला तर मी तिला शिव्या द्यायचो. दिसत न्हाई का म्हनायचो. रोज म्हनायचो." त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

दोन दिवसांनी लोणावळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सगळे तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले, आणि मान वर करून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"मोतीबिंदू आहे. इतकी वर्षं तुम्ही सगळे काय करत होता?"

महिपती जमिनीकडं बघत राहिला.

"डावा डोळा आता हातचा गेला," डॉक्टर म्हणाले. "फार पिकला, आतून बिघडला. उजव्याचं ऑपरेशन करून बघू."

"बगू म्हंजी?" कोंडाजींनी विचारलं.

"म्हणजे बघू, आजोबा. आधी आला असतात तर नक्की सांगितलं असतं."

नुसत्या मोतीबिंदूनं! रतन सुन्न झाली. तिला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल, देवानंच ओढून नेलेलं. हे तर सगळ्यांना होतं, सगळे ऑपरेशन करून घेतात. एका घरात, एका चुलीवर जेवणारी माणसं, आणि त्यांच्यातल्या कुणी एकानं एकदा नीट तोंडाकडं बघितलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते. दवाखान्याच्या बाकावर बसून ती कितीतरी वेळ आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होती. सरू विठाबाईकडं होती. तिची आठवणसुद्धा त्या वेळी रतनला झाली नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. रतन खाटेजवळ राहिली, चमच्यानं पेज भरवायची. बयाबाई आढ्याकडं तोंड करून पडलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "दिसलं न्हाई तर मला पडवीत ठेवू नगंस."

"न्हाई ठेवणार."

"शपथ घे."

"सरूची शपथ," रतन म्हणाली.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी तात्पुरता जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवला. बयाबाईंनी डोळा उघडला आणि लगेच मिटला. पुन्हा उघडला. समोर रतन उभी होती. भिंगाआड तो डोळा केवढा तरी मोठा दिसत होता, आणि तो तिच्या तोंडावरून सावकाश फिरत होता, कपाळ, कुंकू, नाक, हनुवटी. रतनला नव्या नवरीसारखी लाज वाटली. तिनं नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तू रतन?"

"व्हय."

"इतकुशी? आगं तू तर पोर हायस!" बयाबाई थक्क झाल्या होत्या. "मला वाटलं चांगली थोराड बाई असंल. एवढं पानी उपसती, लाकडं फोडती... आन् मी तुज्यावर वरडत व्हते व्हय गं?"

त्यांना रडू यायला लागलं, तशी नर्स धावत आली. रडायचं नाही, डोळ्याला ताण पडतो. मग त्या ओठ चावून बसल्या आणि रतनचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

कोंडाजी दाराबाहेर उभे होते. आत यायचं त्यांना धाडस होत नव्हतं. महिपतीनं त्यांना हाताला धरून आणलं. बयाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हळूच मुलाला विचारलं, "ह्ये बाबा कोन?"

"आये, आबा हायत."

बयाबाईंच्या मनातल्या कोंडाजींच्या मिशा काळ्याभोर होत्या. पाठ ताठ होती. समोर उभा माणूस वाकलेला, गालफडं बसलेला, केस पांढरेशुभ्र. त्यांचा आवाज तेवढा ओळखीचा राहिला होता, आणि आवाजावरून कुणाचं म्हातारपण कळत नाही. बयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अवं, तुमाला काय झालं?"

"काय न्हाई," कोंडाजी म्हणाले. "वय झालं." आणि मग कसंनुसं हसून, "तुलाच कळलं न्हाई."

घरी परतल्यावर बयाबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या. सरूला मांडीवर घेऊन तिचं प्रत्येक बोट बघितलं. विठाबाईला बघितलं, कोंबड्या बघितल्या. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तशा उंबऱ्यातच थांबल्या. भिंती काजळीनं काळ्याकुट्ट, आढ्याला जळमटांच्या दोऱ्या, मांडणीमागं ओलीची बुरशी.

"ह्या भुयारात बसून रांदत व्हते मी?"

ओट्यापाशी जाऊन त्यांनी फरशीवर हात फिरवला. भाजलेल्या तळव्याची नवी कातडी अजून गुलाबी होती. "लाव बगू," त्या म्हणाल्या. रतननं काडी ओढली, चावी फिरवली. बयाबाई दचकून मागं झाल्या.

"निळा? जाळ निळा असतो ह्याचा?"

"व्हय."

"मला वाटलं तांबडा." त्या बराच वेळ त्या ज्वाळेकडं बघत होत्या. मग महिपतीला म्हणाल्या, "ह्यो ओटा फोड. हितं अंदार हाय. खिडकीखाली घे."

"आये, आत्ताच बांदलाय!"

"मग परत बांद. मला उजेडात उभं ऱ्हायचंय."

सोपान गवंडी पुन्हा आला. कणगी पडवीत गेली, जातं कोपऱ्यात सरकलं. वाऱ्यानं गॅस विझू नये म्हणून महिपतीनं खिडकीला पत्र्याची आडोशाची पट्टी ठोकली. कोंडाजी सगळा वेळ तिथंच उभे होते आणि यावेळी टाकी कुठं असावी याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रोज सकाळी तांदूळ निवडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. सूप मांडीवर घेऊन ओसरीत बसत, आणि एक एक खडा उचलून अंगणात लांब भिरकावत.

नव्या ओट्यावर पहिली भाकरी बयाबाईंनीच करायची असं ठरलं. परातीत पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. पण हात चालेना. त्या जाड चष्म्यातून परात जवळ दिसे आणि हात भलतीकडं पडे. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटली. त्यांनी ती मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा फाटली. रतनला राहवेना.

"मी करू का?"

"थांब."

बयाबाईंनी चष्मा काढून फरशीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मग हात पडू लागले, थप, थप, थप, एका लयीत, भाकरी गरगर फिरत मोठी होत गेली, चंद्रासारखी गोल. खिडकीतून पावसाळी उजेड त्यांच्या मिटल्या पापण्यांवर पडला होता. रतन बाजूला उभी राहून बघत होती, आणि ह्या बाईला आपण तीन वर्षं रोज बघत होतो असं तिला आजवर वाटत होतं.

"तवा तापला का गं?" बयाबाईंनी विचारलं.

"तापला."

"मग तू टाक. त्या निळ्या जाळाचं मला अजून भ्या वाटतं."

रतननं भाकरी दोन्ही हातांवर घेतली आणि तव्यावर टाकली.